उरलेले आठ वर्ग

जागेचं नाव लिहीत नाही. खाली तक्रारी आहेत, आणि ज्यांच्याबद्दल तक्रारी आहेत त्यांच्याबरोबर मला येत्या गुरुवारी वडापाव खायचा आहे. पुण्यात, एका जुन्या गोदामात चालणारी चढाईची जिम, एवढं पुरे. दीड वर्ष जाते आहे. पैसे माझे आहेत. सवलत कुणी दिलेली नाही, मागितली होती.

२०२४च्या जूनमध्ये मुलासाठी बारा वर्गांचं पॅकेज घेतलं. नऊ हजार रुपये. चार वर्ग झाल्यावर चिरंजीवांनी जेवताना जाहीर केलं की हे नको, फुटबॉल हवा. उरले आठ वर्ग, म्हणजे सहा हजार. पावतीच्या मागे बारीक इंग्रजीत छापलं होतं की पैसे परत मिळणार नाहीत. दुसऱ्याच्या नावावर करता येणार नाहीत असं मात्र छापलेलं नव्हतं. सत्तावीस वर्षं बँकेत काढल्यावर कागदाची मागची बाजू आधी वाचायची सवय लागते. काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, हे नावावर करून द्या.

"कोणाच्या, मॅडम?"

"माझ्या."

त्याने आधी पावती पाहिली, मग मला. "काकू, तुम्ही करणार?"

मॅडमची काकू इतक्या झटकन झालेली मी आमच्या शाखेत मार्चअखेरीलासुद्धा पाहिलेली नाही.

मी हे पूर्वी केलंय, असं त्याला सांगितलं नाही. खरंच केलंय का, याची माझी मलाच खात्री नव्हती. १९९२ ते ९५ अशी चार वर्षं मी डोंबिवलीहून दर रविवारी पहाटेच्या लोकलने मुंब्र्याला जात असे. स्टेशनाच्या डोक्यावरच कातळ. पायात हंटर शूज, पाठीवर अर्धा दोर (दोर जड, म्हणून दोघांत वाटून), डब्यात आदल्या रात्रीच्या पोळ्या. क्लबात मुली दोनच. आम्हाला रॅपलिंग करू देत, सोपे कातळटप्पे करू देत, पण लीडची, म्हणजे दोर घेऊन सगळ्यांत पुढे चढायची, वेळ आली की कुणीतरी हमखास म्हणे, "तू बिले मस्त देतेस ना, तू खाली थांब." बिले म्हणजे खाली उभं राहून चढणाऱ्याचा दोर सांभाळणं, आणि ते मी खरंच मस्त करत असे. दोर कंबरेमागून घ्यायचा, एक हात वर जाणाऱ्या दोरावर, दुसरा ब्रेकवर, नजर वरच्याच्या टाचांवर. त्याचा पाय थरथरायला लागला की दोन सेकंद आधी मला कळायचं.

जीवधनशेजारच्या वानरलिंगीवर, म्हणजे खडा पारशीवर, आमची टीम गेली तेव्हाही पहिल्या टप्प्याचा बिले माझाच. साडेतीनेकशे फुटांचा सुळका, आणि मी पायथ्याला मान वर करून साडेचार तास. खालच्या फोटोत मी आहे. वरच्या फोटोत नाही. मग लग्न झालं, पुणं झालं, बदल्या झाल्या, मूल झालं. दोर मोठ्या वहिनींनी कपडे वाळत घालायला मागून नेला.

तर पहिल्या दिवशी त्या गोदामात शिरल्यावर मी विचारलेला पहिला प्रश्न होता, "दोर कुठाय?"

"काकू, हे बोल्डरिंग आहे. इथे दोर नसतो."

"मग पडलं तर?"

"पडायचं."

भिंत साधारण साडेचार मीटर उंच, म्हणजे आपल्या दीड मजल्याएवढी. खाली वीतभराहून जाड गाद्या, एकीला एक जोडलेल्या. पहिला वर्ग चढण्याचा नसतोच, पडण्याचा असतो. गुडघे सैल ठेवायचे, पाय टेकले की पाठीवर लोळायचं, हात मागे टेकवायचे नाहीत, नाहीतर मनगट गेलं. एक्कावन्नाव्या वर्षी कुणीतरी पैसे घेऊन मला पडायला शिकवत होतं. सोबतच्या चार पोरी विशीतल्या. त्या पडत होत्या, मी उतरत होते. शिकवणारा मुलगा तीन वेळा म्हणाला, "काकू, सोडा. हात सोडा." हे वाक्य मला चार वर्षांत कातळावर कुणी म्हटलेलं नाही. तिथे सगळे "सोडू नको" एवढंच ओरडायचे.

आता जिमविषयी, नाहीतर ही आत्मकथा व्हायची.

तिन्ही बाजूंना भिंती. डावीकडची सरळ आणि थोडी मागे कललेली, तिला स्लॅब म्हणतात. तिथे ताकदीपेक्षा पायाचा तोल लागतो आणि आमच्यासारख्या जुन्या लोकांची अब्रू तिथेच वाचते. समोरची अंगावर येणारी. उजवीकडची जवळजवळ छतच, तिथे बनियन घातलेले तरुण माकडासारखे उलटे लटकतात. भिंतीवर रंगीत होल्ड, म्हणजे हातापायांच्या पकडी, ठोकलेले. एका रंगाच्या होल्डची मिळून एक वाट, तिला प्रॉब्लेम म्हणायचं. हिरवी सगळ्यांत सोपी, मग पिवळी, निळी, लाल, काळी. बऱ्याच ठिकाणी या अवघडपणाला व्ही-शून्य, व्ही-एक असे आकडे देतात. तो व्ही जॉन शर्मन नावाच्या अमेरिकन चढणाऱ्याच्या 'व्हर्मिन' या टोपणनावातला. टेक्ससमधल्या हुएको टँक्सच्या दगडांसाठी त्याने ही मोजणी सुरू केली. व्हर्मिन म्हणजे उपद्रवी कीडकीटक. जगभरची धडधाकट माणसं स्वतःची लायकी एका किड्याच्या नावाने मोजतात, हे मला फार आवडलं. आज ती मोजणी सतरापर्यंत गेली आहे. मी दोनवर आहे. हवा कोरडी असली तर कधीमधी तीन.

इंग्लंडात लीड्स विद्यापीठात १९६४ साली डॉन रॉबिन्सन नावाच्या शिक्षकाने एका बोळाच्या भिंतीत दगड बसवले, तिथून या भिंतींची गोष्ट सुरू झाली असं मानतात. कारण साधं, तिकडचा पाऊस. ते वाचलं आणि या जागेबद्दलचा माझा अर्धा आकस गेला. आपला कातळ तरी वर्षातून किती महिने हाती लागतो? जून ते सप्टेंबर शेवाळ आणि धबधबे, उन्हाळ्यात हात ठेववत नाही, आणि चांगल्या कड्यावर नेमकं आग्या मोहोळ. उरले दिवाळीनंतरचे तीनचार महिने. जूनमध्ये मी या गोदामात आले तेव्हा वर पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि खाली चाळीस माणसं चढत होती. आमच्या वेळी जूनमध्ये आम्ही फक्त मीटिंग घेत होतो.

होल्डचे प्रकार इंग्रजीतच चालतात: जग, क्रिंप, पिंच, स्लोपर. मी मनातल्या मनात माझी नावं ठेवली आहेत. जग म्हणजे बादलीचा कान. क्रिंप म्हणजे कपाटाच्या दाराची कड, किल्ली हरवल्यावर जिच्याने दार उघडायचं. स्लोपर म्हणजे कलिंगड: धरायला काहीच नाही, नुसता तळवा दाबून विश्वास ठेवायचा. पावसाळ्यात कलिंगडावर विश्वास ठेवू नये. हवा दमट असली की मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड, म्हणजे चॉक, हातावर थापावी तितकी थोडी. घामाने तिचा लगदा होतो. आणि तेवढ्या मोठ्या गोदामात पंखे सहा. सहा! त्यातला एक काउंटरवर. जुलैच्या एका संध्याकाळी मी मोजलं, गाद्यांवर तेहतीस माणसं होती. ज्यांनी पंख्यांचा हिशेब केला त्यांनी मे महिन्यात स्वतः एकदा छताला लटकून बघावं.

या ठिकाणी कुणाला कुणाचं नाव माहीत नसतं. निदान माझ्या बाबतीत तरी. दीड वर्षात मला खरी नावं चार-पाचच कळली आहेत. तुम्ही कोण, कुठल्या कंपनीत, कुठे राहता, हे कुणी विचारत नाही. विचारतात, "कशावर अडकलात?" आणि माणूस त्यावरून ओळखला जातो. एक 'डावी टाच' आहे, ती जिथे तिथे डावी टाच अडकवते. एक दातांची डॉक्टर आहे, ती प्रत्येक क्रिंपआधी स्वतःच्या बोटांकडे असं बघते की जणू कर्जाचे हप्ते त्यांच्याच नावावर आहेत. एक नागपूरचा आहे, पडला की गादीवरून "अबे काय बे" असं भिंतीलाच विचारतो. मी आधी मुलाच्या नावाने ओळखली जात होते, 'त्याची आई'. तो येईनासा झाल्यावरही. मग काकू. मग, प्रत्येक वाक्य "मुंब्र्याला आम्ही" असं सुरू करायची माझी खोड पाहून, मुंब्रा काकू. आता नुसतं मुंब्रा. "मुंब्रा, ब्रश देता का?" असं विशीतला मुलगा मला म्हणतो आणि मी देते. बँकेत मला याच वयाची मुलं उभी राहून बोलतात.

ओरडतात फार. कुणी वर धडपडत असलं की खाली बसलेले दहाजण एकदम सुरू होतात. त्यात फ्रेंच 'आले', स्पॅनिश 'वेंगा', जपानी 'गांबा', सगळं जगभरच्या जिममधून उचललेलं. पहिल्या आठवड्यात मी भिंतीवर असताना मागून कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडलं, "आले! आले!" मी वळून पाहिलं, कोण आले म्हणून. अर्थात पडले. हे नंतर मी त्यांना समजावून सांगितलं, आणि तेव्हापासून तिथे कुणी पडलं की "आले आले" च्या जोडीला "आणि गेले" असंही म्हणतात. मराठी भाषेच्या प्रसारासाठी माझ्याकडून एवढंच झालं.

याच्या उलट बाजूही लिहिते. बीटा. म्हणजे एखादा प्रॉब्लेम कसा सोडवायचा त्याची युक्ती. शब्द व्हिडिओच्या बीटामॅक्स कॅसेटवरून आलेला. भिंतीवर पाटी आहे: न विचारता बीटा देऊ नये. ही पाटी बायकांना दिसते. काही पुरुषांना ती दिसत नाही. मी स्लॅबवर एका पिवळ्याच्या मध्यावर श्वास घेत उभी असले, की खालून हमखास आवाज येतो, "काकू, उजवा पाय वर." मला माहीत आहे उजवा पाय वर हवा. उजवा गुडघा वर यायला तयार नाही, हा प्रश्न युक्तीचा नाही, वयाचा आहे. एका साहेबांना मी वरूनच म्हटलं, "तुम्ही पाटी वाचा, मी पाय बघते." ते आता मला नमस्कार करतात. पण प्रत्येक महिन्याला नवीन साहेब येतात. जिमने ही पाटी मराठीत आणि मोठ्या अक्षरांत लावावी. आणि पहिल्या वर्गात पडणं शिकवतात, तसं गप्प बसणंही शिकवावं.

जुन्या क्लबाचा आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. बारा जण, सगळ्यांचे गुडघे गेलेले. मी पहिलं निळं पूर्ण केल्याचा व्हिडिओ तिथे टाकला. एकाने पाल आणि भिंतीचं चित्र पाठवलं. आमचा तेव्हाचा लीडर, जो आता चालायलाही काठी घेतो, त्याने लिहिलं, "हे म्हणजे ट्रेडमिलवर पंढरपूरची वारी." रात्रभर मला ते लागलं. कारण अर्धं खरं होतं. कातळावर पुढची पकड शोधावी लागते. इथे ती निळ्या रंगात तुमची वाट बघत बसलेली असते. कातळावर दगड हातात येतो, घसारा पायाखालून जातो, दोर धरणाऱ्याला दोन तास मुतायला जाता येत नाही. इथे कुणी कुणाचा जीव हातात धरत नाही. माझं म्हणणं तेव्हा असं होतं की जिथे दोर नाही तिथे नातं कसलं? ही सगळी एकत्र जमलेली एकेकटी माणसं.

१० ऑगस्ट २०२४ला, शनिवारी, जिमने पांढरी चादर लावून पॅरिस ऑलिंपिकची बायकांची बोल्डरिंग आणि लीडची फायनल दाखवली. दुपारी भिंती बंद, सगळे गाद्यांवर लोळलेले, भेळ मागवलेली. यान्या गार्नब्रेटला सुवर्ण मिळालं, टोकियोनंतर पुन्हा. दुसरी आली अमेरिकेची ब्रुक राबुटू. दातवाली शेजारी बसली होती, तिने सांगितलं की ब्रुकची आई रॉबिन अर्ब्सफील्डही मोठी चढणारी होती, ओळीने चार वर्षं विश्वचषकाची विजेती. कधी, म्हणून विचारलं. १९९२ ते ९५. नेमकी माझी मुंब्र्याची वर्षं. तिकडे एक बाई जग जिंकत होती तेव्हा इकडे मला मस्त बिले देतेस म्हणून खाली उभं करत होते. मला रॉबिनबाईंचा राग नाही आला. आमच्या लीडरचा आला, तीस वर्षं उशिरा.

आणि एक गंमत. लीडला दोर असतो. चादरीवर सगळे यान्याकडे बघत होते. मी चित्राच्या खालच्या कडेला दोर धरून उभा असलेला माणूस शोधत होते. तो मध्येच दिसायचा, कॅमेरा वर गेला की नाहीसा व्हायचा. दोर किती सैल सोडलाय, पाय कसे टाकलेत, एवढंच बघत होते मी. नागपूरवाल्याने विचारलं, "काकू, तुम्ही खाली काय बघता?" म्हटलं, "माझी ड्यूटी."

त्यानंतरच्या आठवड्यात मी पहिल्यांदा हात सोडले. मुद्दाम सांगते, धाडस वगैरे काही नव्हतं. निळ्याच्या शेवटच्या होल्डला बोटं लागली, उतरायला काही धरण्यासारखं दिसेना, आणि खाली पोरं "सोडा, सोडा" म्हणत होती. सोडले. दीड मजला. गादीने घेतलं. माझ्यासाठी कुणी दोर धरलेला नव्हता, मी कुणासाठी धरलेला नव्हता. छताचे पत्रे बघत पाठीवर पडून राहिले, तर डावी टाच वरून वाकून म्हणाली, "मुंब्रा, लागलं का?" म्हटलं, नाही गं, जरा पडून राहते.

तक्रार गादीचीही आहे. दोन गाद्यांचा जोड वेलक्रोच्या पट्टीने झाकलेला असतो. मधल्या भिंतीखालची पट्टी मागच्या मार्चपर्यंत उचकटलेली होती. सांगून झालं होतं, तीन वेळा, एकदा लेखी. माझा घोटा त्याच फटीत गेला. सहा आठवडे घरी. डॉक्टरांनी विचारलं, "जिन्यात घसरलात का?" मी म्हटलं, "नाही, बोल्डरिंग." त्यांनी कागदावर 'जिना' लिहिलं. पट्टी नंतर दोन दिवसांत बदलली, आणि पासाची मुदत सहा आठवड्यांनी वाढवून दिली, न मागता. हेही लिहिलं पाहिजे. पण घोटा जाण्याआधी बदलली असती तर जास्त बरं लिहिलं असतं.

पैशांचं सरळ सांगते. एक दिवसाचे सहाशे, बुटांचं भाडं शंभर वेगळं. महिन्याला आठ वेळा गेलात तर पास स्वस्त, नाहीतर नाही. आमच्या क्लबाची वर्षाची वर्गणी पन्नास रुपये होती आणि त्यावरही चर्चा व्हायची. ते दिवस वेगळे, भाडं, वीज, होल्डची किंमत, सगळं कळतं मला. ताळेबंद वाचता येतो. पण मग इथे येतं कोण, तेही दिसतं. गाद्यांवर इंग्रजी चालते. वाईट काही बोलत नाहीत, पोरं गोड आहेत, पण काउंटरपाशी एखादा नवा मुलगा मराठीत काही विचारू लागला की दोन वाक्यांत आवाज खाली घेतो. भिंतींची पूड झाडणाऱ्या मावशी म्हणतात, "बसमध्ये लोक इचारतात, गिरणीत कामाला हाय का." त्यांच्या मुलीला एकदा चढू द्या, असं मी व्यवस्थापकांना म्हटलं. ते म्हणाले, "नक्की, आंटी." आठ महिने झाले.

काकू, मावशी, मुंब्रा, सगळं चालेल. आंटी नको.

आणि ज्याच्यामुळे ही जागा चालते तो सेटर. होल्ड तोच ठोकतो, दर तिसऱ्या सोमवारी एक भिंत पुसून नवी मांडतो. रात्री शिडीवर ड्रिल घेऊन, तोंडाला फडकं बांधून. जुन्नरच्या पश्चिमेकडचा आहे. वडील ट्रेकवाल्यांना जीवधनवर नेतात. लोक त्याच्या प्रॉब्लेमवर "काय सेटिंग आहे" म्हणून इंग्रजीत वेडे होतात आणि तो कोपऱ्यात डबा खात असतो. मी पहिल्यांदा त्याच्याशी बोलले ते भांडायला. एका पिवळ्यावर दोन होल्डमधलं अंतर माझ्या उंचीला पोचत नव्हतं. मी चार फूट अकरा. म्हटलं, हे उंच माणसांसाठीच केलंय. त्याने उत्तर दिलं नाही. माझ्या शेजारी येऊन, गुडघ्यात वाकून, माझ्याएवढा झाला आणि भिंतीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काकू, बरोबर हाय." दुसऱ्या दिवशी तिथे सुपारीएवढा एक पायाचा होल्ड आला होता. तेव्हापासून तो प्रत्येक नवी भिंत लावली की एकदा तरी गुडघ्यात वाकून बघतो. उंच पोरांना वाटतं पाठ दुखतेय.

हिवाळ्यात आठजण मिळून मावळातल्या एका कातळावर गेलो. मीच नेलं. मोठ्या तोऱ्यात. डावी टाच कातळासमोर पाच मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, यातला निळा कुठला?" सगळे हसलो, तीही. पण मग ती चढली, आणि मी सांगते, मी त्या वयात तशी चढले नसते. बोटांत प्लास्टिकने दिलेली ताकद होती. नजर मात्र कातळाची नव्हती. पाय कुठे ठेवावा ते तिला दिसत नव्हतं, मला दिसत होतं आणि माझा पोचत नव्हता. तिने वरून विचारलं, "बीटा द्या ना." विचारलं म्हणून दिला. त्या दिवशी दोर होता. कुणी मला खाली थांब म्हटलं नाही. आपोआप गेला हात ब्रेकवर. दुपारनंतर नागपूरवाल्याने दोर काढून घेतला. "आता तुम्ही जा." गेले. निम्म्यावरून परत आले, गुडघा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला नाही.

गेल्या महिन्यात जिमची आतल्या आत स्पर्धा झाली. नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ साली बोल्डरिंगचा विश्वचषक झाला होता, ते कात्रण मी बँकेच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं; तेव्हा गेले नाही, सुट्टी शिल्लक असताना. तर ही माझी पहिली स्पर्धा. एरवी प्रॉब्लेमना नुसते रंग असतात, स्पर्धेसाठी सेटरने नावं दिली होती: भाकरी, घोरपड, सासूबाई. स्लॅबवरच्या सगळ्यांत लांब वाटेचं नाव होतं खडा पारशी.

मी त्याला म्हटलं, "मी त्याच्या खाली बसलेय. साडेचार तास."

"कवा?"

"चौऱ्याण्णव."

"मी नव्हतो तवा." मग थोडं थांबून, "वर न्हाय गेला?"

"नाही."

"मी पण न्हाय. नाणेघाटाकडं गुरं नेली की समोर असतो. रोज बघायचो." ड्रिलची बॅटरी बदलता बदलता म्हणाला, "म्हणून तर हिथं लावला."

वरून दुसऱ्या होल्डपर्यंत गेले. शेवटचा होल्ड बादलीचा कान होता, चांगला मोठा, हाताच्या चार बोटं पलीकडे. सुटले. चार प्रयत्न होते, चारही तिथेच. फळ्यावर माझ्यापुढे शून्य लागलं आणि नावाच्या जागी 'मुंब्रा'. चाळिशीच्या वरच्या बायकांच्या गटात मी पहिली आले. गटात मी एकटीच होते. पुढच्या वर्षी तरी कुणी या.

जायचं असेल तर मंगळवार किंवा गुरुवारी पाचच्या आत जा, साडेसहानंतर गर्दी. शनिवारी वाढदिवसाच्या पार्ट्या असतात, तेव्हा अजिबात नको. बाइक आत लागते, चारचाकी नाही. बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत खुंटी एकच आहे, पिशवी हलकी न्या. आतली कॉफी घेऊ नका. समोरच्या गाडीवर वडापाव, आणि हात धुवून, नाहीतर चॉकची चव लागते. पाचपैकी साडेतीन. पंखे लावले तर चार, आणि मावशींची मुलगी भिंतीवर दिसली तर साडेचार करीन, तारीख घालून.

भाड्याच्या बुटांत सदतीस नंबरच्या तीन जोड्या आहेत. ज्या जोडीची डावी पट्टी दोऱ्याने शिवलेली आहे, ती मी शिवली आहे. ती सोडून कुठलीही मागा.